नंदाताई, उत्तरं तुझ्याकडे राहिली

नंदाताई, कावळा शिवला. तोही लगेच.

दहाव्याला नदीवर गाव लोटलं होतं. पुढारी आले, सोसायटीचे चेअरमन आले. एकाने तर खिशातून चिठ्ठी काढून तुझं नाव वाचलं आणि तुझ्या सामाजिक कार्याला श्रद्धांजली वाहिली. तुझं सामाजिक कार्य! ते ऐकून तू तोंडाला पदर लावून गदागदा हलली असतीस. माझं लक्ष नव्हतं. बायकांच्या घोळक्यातून मी एकेक पाऊल पुढे सरकत होते, कारण माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. मी मनाशी धरून चालले होते की कावळा यायला वेळ लागेल. तुझे मालक, आपले भाऊ, म्हणतील, घर सांभाळतो. तुझा ओंकार म्हणेल, आजीला बघतो. तरी कावळा यायचा नाही. माणसं चुळबुळ करायला लागतील. मग मी पुढे होईन, हात जोडेन आणि सगळ्यांदेखत म्हणेन, "ताई, मी माझं नाव मागं घेते." नऊ दिवस मी ते वाक्य घोकलं होतं.

पान ठेवलं, माणसं मागे सरली आणि कावळा आला. भाऊंनी हात जोडायच्या आत आला. पिंडाला चोच लावली, शितं उचलली आणि बाभळीवर जाऊन बसला. माझ्या मागे कोणीतरी आबा म्हणाले, "बाई समादानानं गेली बगा. काय बी ठिवलं न्हाई मागं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटला. खरंच वाटला, ताई. तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाही.

काल तेरावं झालं. आज रविवार, आणि मी कामावर आले. घरात थांबले असते तर वेड लागलं असतं. आत्ता जेवणाची सुट्टी आहे, बायका बाहेर आंब्याखाली डबे उघडून बसल्यात, आणि मी गुलाबांच्या शेडमध्ये आपल्या टेबलापाशी मालाच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय. दोनदा उठले, परत बसले. मी तुझ्या बाजूला बसलेय. समोरचं माझं स्टूल रिकामं आहे. या बाजूने सगळं उलटं दिसतं. तुला इथून पॉलिहाऊसचं दार दिसायचं, हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं.

घरात आईंसमोर मी तुला 'अहो ताई' म्हणायचे. मोठी जाऊ, मान द्यायचा. बेगडेवाडी स्टेशनावरून पायी शेडमध्ये पोचेपर्यंत ते 'अहो' गळून पडायचं. इथे तू माझी 'तू' होतीस. म्हणून इथेच लिहायला बसले.

हे सगळं एका स्टिकरने सुरू झालं. आठवतं ना? गुलाबाच्या खोक्यांवर चिकटवायला एक नवीन स्टिकर आला, त्यावर सगळी चित्रंच चित्रं. सुपरवायझर नाना म्हणाले, हा माल जपानला जातोय, स्टिकर उलटा लावू नका. झालं, पन्नास खोक्यांवर आपण तो उलटाच लावला. नानांनी आपल्याला जे काय झापलं! मला राग आला. तू मात्र स्टिकर हातात घेऊन बसलीस. "वैशे, ह्यात डोकं कुटलं आन् पाय कुटलं, त्ये तरी कळाया पायजे," म्हणालीस. आणि जेवणाच्या सुट्टीत फोन काढून शोधायला लागलीस. तुझा तो कोपऱ्यात तडा गेलेला फोन.

दुसऱ्या दिवसापासून फोन पाण्याच्या बादलीला टेकून उभा राहायला लागला. हात कामात असायचे. पाला काढायचा, काटे खरवडायचे, दांडी टेबलावरच्या खुणांना लावून लांबी बघायची, वीस झाले की रबर. हातांना डोकं लागत नव्हतं, त्यामुळे डोकं मोकळं. त्या मोकळ्या डोक्यात फोनवर जपानी शिकवणारी ती मुलगी शिरली. बारीक आवाजाची, कपाळावर केस कापलेली. तू तिला बाहुली म्हणायचीस. एवढाएवढासा व्हिडिओ. ती एक प्रश्न विचारायची, मग गप्प बसून आपल्याकडे बघत राहायची, आणि तेवढ्यात खाली हिंदी अक्षरात उत्तर उमटायचं. ते आपण म्हणायचं. मग पुढचा व्हिडिओ.

फोन तुझा, म्हणून तोंड तुझ्याकडे. मी समोर बसायचे, मला फोनची पाठ दिसायची. मला नुसता तिचा आवाज. "ओनामाए वा नान देस का?" म्हणजे तुमचं नाव काय. आणि तू खणखणीत आवाजात, भाजीवाल्याला हाक मारावी तशी, "वाताशी वा नंदा देस!" शेजारच्या टेबलावरची मावशी दचकायची. ती बाहुली तुम्ही कुठून आलात विचारायची, तर खाली इंडियाहून आले असं उत्तर यायचं. तुला ते पटायचं नाही. तू म्हणायचीस, "बेगडेवाडी कारा किमाशिता." मी म्हणायचे, अगं तिला बेगडेवाडी काय कळणार? "न्हाई कळलं तर इचारंल की!" हे तुझं उत्तर.

शेडच्या पत्र्याखाली रेंज जायची. बाहुली तोंड उघडं टाकून थिजायची. मग तू म्हणायचीस, "वैशे, तू हो बाहुली." आणि मी व्हायचे. तिच्यासारखा बारीक आवाज काढून, मान वाकडी करून मी प्रश्न विचारायचे आणि तू उत्तर द्यायचीस. रेंज दिवसातून दहा वेळा जायची. त्यामुळे मी दिवसातून दहा वेळा बाहुली. घरीही तेच. तू भांडी घासायचीस, मी विसळायचे, मी विचारायचे, तू सांगायचीस. आई ओसरीवरून ओरडायच्या, "काय चावळताय गं दोगी? भूतबाधा झाली का काय?"

मी तुला एकदा विचारलं होतं, हे कशाला शिकतेस, ताई? स्टिकर तर आता सरळ लागतो. तू दांडीवरचे काटे काढत होतीस. वर न बघता म्हणालीस, "ती इचारती आन् थांबती. एक, दोन, तीन मोजस्तवर थांबती. आपल्या घरात कोन थांबतं? तुमचं नाव काय, तुमाला काय आवडतं, तुमी कुटं गेलता... मला लगीन झाल्यापून कुनी इचारलंच न्हाई. ही रोज इचारती."

मी तेव्हा हसले होते. म्हटलं, अगं ती लाखो लोकांना विचारते. "आसू दे की. मला बी इचारती ना?" म्हणालीस.

गेल्या दिवाळीत मला तुझ्या माहेरी घेऊन गेलीस. बेडशाला. लेण्यांवर जपानी लोक दर्शनाला येतात, असं तुला कोणीतरी सांगितलं होतं. सकाळी सकाळी त्या पायऱ्या चढवल्यास मला. पुढे तू, शेळ्यांमागे लहानपणी पळायचीस तशीच, आणि मागे मी, फासफूस करत. दुपारपर्यंत आपण त्या उंच खांबांपाशी नटूनथटून बसलो. एक जपानी आला नाही. पुण्याची कॉलेजची पोरं आली, फोटो काढून गेली. शेवटी भाकरी-ठेचा खाल्ला आणि तू म्हणालीस, आलोच हाय तर बोलून घिऊ. मग आतल्या गाभाऱ्यात मी प्रश्न विचारले आणि तू उत्तरं दिलीस. तिथे आवाज काय घुमतो! तुझं नाव सगळीकडून परत येत होतं. खालून राखणदार पळत वर आला. "काय वो बाया, मंत्र म्हनताय का?" तू म्हणालीस, "व्हय. पावला तर सांगते." उतरताना तू इतकी हसत होतीस की दोनदा पायरीवर बसावं लागलं. ताई, मला आयुष्यात एवढा आनंद फार थोड्या वेळा झालाय. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मी फक्त म्हटलं, चल, गाडी चुकेल.

आपलं काय चुकलंय ते आपल्याला कळलं, फुलं घेणारा तो खरा जपानी माणूस शेडमध्ये आला तेव्हा.

त्याच्याबरोबरचा दुभाषा बाहेर फोनवर बोलत राहिला. आत तो एकटा, आपल्या टेबलासमोर. नाना म्हणाले, "नंदाबाई, बोला की! रोज एवढं बोलताय." तू हात पुसलेस, पदर नीट केलास, कमरेत वाकलीस आणि उभी राहिलीस. तोही वाकला आणि उभा राहिला. तू वाट बघतेयस, तो वाट बघतोय. तू मनात एक-दोन-तीन मोजत असणार, मला ओठ दिसत होते. तुला सगळं येत होतं, ताई, पण कोणी विचारलं तर. आपणहून विचारायचं कसं, ते तू कधी म्हटलंच नव्हतंस. ते माझं काम होतं.

मग माझ्याच्याने राहवेना. मी बादल्यांच्या मागून, त्या बाहुलीच्या आवाजात, तिच्यासारखीच मान वाकडी करून ओरडले, "ओनामाए वा नान देस का?" तो माणूस असा दचकला की त्याने आधी वर पत्र्याकडे बघितलं. मग त्याने आपलं नाव सांगितलं आणि तुला तुझं विचारलं. झालं! तुझा नळच सुटला. नाव, गाव, घरात किती माणसं, काय आवडतं. मी विचारत होते, तो सांगत होता. तो विचारत होता, तू सांगत होतीस. आपण दोघी मिळून एक बाई झालो होतो. नाना तोंडाचा आ करून बघत होते.

आणि मग त्याने माझ्याकडे हात करून मला नाव विचारलं. मी तोंड उघडलं आणि तोंडातून बाहेर काय आलं? प्रश्नच. तोच. परत. त्याने पुन्हा विचारलं, माझ्या तोंडून पुन्हा प्रश्न. तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. तूही हसलीस. शेवटी तूच माझं नाव सांगितलंस त्याला. माझी उत्तरं माझ्या कानात होती, तोंडात कधी आलीच नव्हती.

या हसण्याचं पुढे असं होईल हे कोणाला माहीत होतं?

महिन्याभराने नानांनी सांगितलं की ते लोक इथली एक बाई सहा महिन्यांसाठी तिकडे नेणार आहेत. त्यांच्या गोडाऊनमध्ये फुलं कशी हाताळतात, कशी बांधतात ते शिकायचं, परत येऊन इथे बाकीच्यांना शिकवायचं. फोनवर समोरासमोर बोलणं होईल. नाव, गाव, काम एवढं त्यांच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. एकच बाई.

तू तिथल्या तिथे नाव दिलंस. मी म्हणाले, "जा की ताई. आईंचं मी बघते." मनापासून म्हणाले होते. दुपारी चहाच्या वेळी मी नानांच्या केबिनमध्ये गेले आणि माझंही नाव दिलं.

का दिलं? तेरा दिवस मी हेच उगाळतेय. मला जायचं होतं, ताई. दुसरं काही नाही. मी चौतीस वर्षांची आहे आणि माझी लांबची सहल म्हणजे भुशी डॅम, तोही लग्नाच्या वर्षी, पायऱ्यांवर माणसांच्या ढुंगणामागे बसून. मलाही कोणीतरी तीन मोजेपर्यंत थांबून विचारावं असं वाटलं. पण ते तुला सांगून दिलं असतं तर काय झालं असतं? तू 'दे की' म्हणाली असतीस, मला ठाऊक आहे. आणि तू 'दे की' म्हणशील म्हणूनच सांगायची लाज वाटली. मग चोरून दिलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी सगळ्यांसमोर दोन नावं वाचली. तुझा हात थांबला. फक्त क्षणभर. मग तू दांडी खुणेला लावलीस आणि म्हणालीस, "बरं केलंस." पाच मिनिटांनी, खाली मान घालूनच, म्हणालीस, "माज्याच फोनवर शिकलीस ना?"

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "फोन तुझा आसंल. कान माझं हुतं."

तुझ्याशी बोललेलं माझं ते शेवटचं वाक्य. ते परत घ्यायला मी काय नाही दिलं असतं! पण हे तुला सांगून काय उपयोग, तू काही बोलत नाहीस. तशी तू त्यानंतरही बोलली नाहीस. चार दिवस आपला अबोला. एकाच वाटेने कामावर यायचो, मधे दहा पावलं अंतर ठेवून. एकाच टेबलाशी समोरासमोर बसायचो. फोन तू पिशवीत ठेवलास. घरी भाजी टाकण्यावरून काही विचारायचं झालं तरी आपण आईंमार्फत बोलत होतो. त्यांना वाटलं, आपलं काहीतरी दागिन्यावरून झालं.

एवढं मात्र खरं, की तुझे व्हिडिओ यायचे थांबले नाहीत. संध्याकाळी भिंतीपलीकडे त्या बाहुलीचा आवाज यायचा आणि पाठोपाठ माझा फोन वाजायचा. तू पाठवलेला व्हिडिओ. सोबत एक अक्षर नाही. मी एकही उघडला नाही. म्हटलं, टोमणे असणार. बघ, माझ्याशिवाय शिकतेस का, असं काहीतरी. चार दिवसांत अकरा आले. अकराही तसेच पडून राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी तू भरलेली बादली उचलून टेबलापाशी आणलीस. स्टुलावर बसलीस आणि डोकं टेबलावर टेकलंस. मी समोर होते, हाताच्या अंतरावर. मी बघितलं. आणि मी पुढची दांडी उचलली. मला वाटलं, मला दाखवायला करतेस. आपणहून काही विचारायचं नाही, असं मी ठरवलेलं होतं ना! किती वेळ गेला मला माहीत नाही. शेजारच्या मावशीने बघितलं. "नंदे? काय गं, काय हुतंय?"

तो प्रश्न मावशीने विचारला. मी नाही. जिला नुसते प्रश्नच येतात, तिने एक विचारला नाही, ताई.

डॉक्टर म्हणाले, अटॅक मोठा होता, आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. हे ते सगळ्यांना सांगत असतील. भाऊ मला म्हणाले, "तू व्हतीस तिच्याजवळ, तेवढंच बरं झालं." मी त्यांना काय सांगू?

आता नानांचा निरोप आलाय. ते फोनवरचं बोलणं उद्या आहे. यादीत आता एकच नाव. येणार की नाही, एवढं सांगा, म्हणाले. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, तुझं तू ठरव. आईंनी मात्र काल तेराव्याची पंगत उठल्यावर मला धरलं. "तिच्या जाग्यावर बसाया निगालीस व्हय गं? पंदरा दिस तरी जाऊ द्येयाचं." मी खाली बघत उष्टी काढत राहिले. त्यांना काय माहीत, मी तर नाव मागे घ्यायला निघाले होते. नदीवर. सगळ्यांसमोर. तू तो कावळा पाठवून माझं तोंड बंद केलंस. एकदा वाटतं, तुला ते वाक्य नकोच होतं, म्हणून घाई केलीस. एकदा वाटतं, माझ्याकडून तुला काहीच नको होतं. दोन्ही खरं वाटतं आणि मी घरभर फिरत राहते. काल भाऊ म्हणाले, बस की जरा पोरी, चक्कर यील.

मग आज सकाळी ते अकरा व्हिडिओ उघडले. इथेच, तुझ्या स्टुलावर बसून, फोन बादलीला टेकून. पहिल्यांदाच त्या बाहुलीचं तोंड नीट समोरून बघितलं. हनुवटीवर तीळ आहे तिच्या. तू कधी बोलली नाहीस.

ताई, त्यात एकही नवा प्रश्न नव्हता. सगळे जुनेच, मला झोपेतही येणारे. तुम्ही कुठे राहता. काय काम करता. इथे का यावंसं वाटतं. ते तुला वर्षापूर्वीच पाठ झाले होते, तुला त्यांचा काय उपयोग? आणि खाली अक्षरात उत्तरं, जी मला टेबलाच्या त्या बाजूने कधी दिसली नव्हती. माझी शिकायची राहिलेली बाजू तू एकेक करून माझ्याकडे पाठवत होतीस. न बोलता. फुगूनच.

की मी हे मला हवं तसं लावतेय? कारण सातवा व्हिडिओ होता, मोठ्या माणसाची माफी कशी मागायची. तो टोमणाच होता. तुझ्याशिवाय असा टोमणा कोणाला सुचणार नाही. मी खो-खो हसले आणि मग हसता हसता जे सुरू झालं, ते मावशीने पाणी आणून देईपर्यंत थांबलं नाही.

अकरावा, त्या शेवटच्या दिवशी सकाळी पाठवलेला, जपानी नव्हताच. एक बाई हिंदीत सांगत होती, कुकरच्या झाकणातून वाफ जात असेल तर रबर कसं बसवायचं. आपला कुकर आठवडाभर फुसफुसत होता. मी त्यावर चिडचिड करत होते, भिंतीपलीकडे तुला ऐकू येत असणार.

जिच्यावर कायमचा राग धरायचा असतो, तिला माणूस कुकरचं रबर सांगत नाही. एवढं मला कळतं. तू दोन दिवसांत बोलली असतीस. कुकरवरूनच सुरुवात केली असतीस. आणि मी विचारलं असतं, बरी आहेस ना, हल्ली दम लागतोय का गं? मला वर्षभर दिसत होतं तुझं थांबून थांबून चालणं. बेडशाच्या पायऱ्यांवर तू दोनदा बसलीस ते नुसतं हसून नव्हे, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

मी तुझी माफी मागते, ताई. सातव्या व्हिडिओतल्यासारखी मागून बघितली, पण त्या भाषेत ती फार गोड वाटते. आपल्यात मागते. चुकलं माझं. नाव देण्यात नाही चुकलं, चोरून देण्यात चुकलं. आणि त्या सकाळी पुढची दांडी उचलण्यात.

नाव मी मागे घेत नाहीये. नानांना आत्ताच जाऊन सांगून आले. हे लिहिता लिहिता तिसऱ्यांदा उठले ती त्यासाठीच. आई बोलणार. बोलू देत. हो, मी तुझ्या जागेवर बसलेय. इथूनच उत्तरं दिसतात.

सकाळपासून एकटीच घोकतेय. मावशीला म्हटलं, तू मला विचार, तर ती लाजते. मग मीच बाहुली होते, माझ्या रिकाम्या स्टुलाकडे मान वाकडी करून विचारते. विचारलं की सवयीने थांबते, तू बोलशील म्हणून. समोर कोणी नाही. कोल्ड रूमची मोटर तेवढी चालू असते.

बायका डबे धुवायला उठल्या. आता टेबल मोकळं करायला हवं.

उद्या अकराला फोन लागेल. समोरचा माणूस पहिल्यांदा तेच विचारेल, जे मी तुला रोज विचारत होते. माझ्या जिभेवर आधी प्रश्नच येणार, मला माहीत आहे. तो मी गिळून टाकीन. मग एक, दोन, तीन मोजेन. तेवढा वेळ तुझा, ताई. आणि मग माझं नाव सांगेन.